एकतिसावी बाई

आम्ही चाकण आणि पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या बचत गटांचं काम बघतो. आज इतिहास सांगायचा आहे, पण राजा-राणीचा नाही. कामाला जाणाऱ्या बाईचं लेकरू कोण सांभाळणार, आणि त्या सांभाळणारीचा पगार कोण देणार, या प्रश्नाला शंभर वर्षं झाली. त्याचा हा इतिहास.

झालं असं. गेल्या पावसाळ्यात खराबवाडीच्या एका गटाची मासिक बैठक होती. बचत जमा झाली, कर्जाचे हप्ते मांडून झाले आणि चहा येईपर्यंत गप्पा सुरू झाल्या. एका ताईंचा दीर हिंजवडीला कंपनीत आहे, त्याला जेवणाची कुपनं मिळतात. ते ऐकून दुसरी ताई म्हणाली, "जेवणाचं कुपन देतात, तर लेकरू सांभाळायचं कुपन का नाही देत? मी ते मावशींना दिलं असतं, मावशींनी बँकेत वटवलं असतं." सगळ्या हसल्या. मावशीही हसल्या.

मावशी म्हणजे गटातल्याच एक सदस्य. वय सत्तावन्न. दहा बाय बाराच्या खोलीत सात लेकरं सांभाळतात. सकाळची पाळी साडेसहाला सुरू होते, म्हणजे कंपनीची बस सहाच्या आत येते, म्हणजे मावशींचं दार साडेपाचला उघडतं. पोरींनी पगार झाला की रोख पैसे द्यायचे, ते मावशींनी डब्यात ठेवायचे. पावती नाही, हजेरी नाही, सुट्टीचा पगार नाही. अशी बारा वर्षं गेली. कागदावर मावशींनी या बारा वर्षांत काहीच काम केलेलं नाही.

चहा प्यायला, बैठक संपली, पण तो कुपनाचा प्रश्न काही डोक्यातून जाईना. गटातल्या एका ताईंची नणंद लंडनजवळ राहते, तिला फोन लावला. ती म्हणाली, "अगं, इथे अशी कुपनं खरंच होती." कंपनी आईच्या किंवा बापाच्या पगारातून आठवड्याला ५५ पौंडांपर्यंतची रक्कम कुपनात द्यायची आणि तेवढ्या रकमेवर आयकर लागायचा नाही. ते कुपन सरकारदरबारी नोंद असलेल्या पाळणाघराला किंवा घरी येऊन मूल सांभाळणाऱ्या बाईला देता यायचं. मात्र बाई घरी येणारी असेल तर आईबापांना मालक म्हणून नोंद करावी लागायची, तिला पगारस्लिप द्यावी लागायची, तिचा कर कापून भरावा लागायचा. २०१८ च्या ऑक्टोबरात नव्या लोकांसाठी ही योजना बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी आली.

ऐकायला छान वाटलं. मग आम्ही हिशोब मांडला आणि लक्षात आलं, ही आपल्या कामाची गोष्ट नाही. कुपनाचा फायदा काय, तर आयकर वाचतो. चाकणच्या कंत्राटी बाईचा पगार आयकराच्या हद्दीपर्यंत पोचतच नाही. तिचा जो कर नाहीच, तो वाचणार कुठून? शिवाय ते पैसे तिच्याच पगारातले. आपल्याकडे पगारदारांना मुलांच्या शिक्षणभत्त्यावर जी करमाफी होती, ती कित्येक वर्षं दर मुलामागे महिना १०० रुपये एवढीच होती. शंभर रुपयांत आता दुधाच्या दोन पिशव्याही नीट येत नाहीत. आणि मूल सांभाळण्यासाठी वेगळं काही त्यात नव्हतंच.

मग आपल्याकडे आहे तरी काय? हे शोधायला आम्ही मागे गेलो, थेट मुंबईच्या गिरण्यांपर्यंत.

शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या कापडगिरण्यांत दर पाच कामगारांत साधारण एक बाई होती. बहुतेक जणी कोकणातून, घाटावरून आलेल्या. त्यांची तान्ही मुलं चाळीतल्या खोलीत, थोरल्या बहिणीच्या मांडीवर. ती थोरली तरी केवढी, सात-आठ वर्षांची. १९२२ साली मुंबई सरकारच्या कामगार खात्यासाठी डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी गिरणीत काम करणाऱ्या बाळंतिणींची पाहणी केली. त्यात त्यांना आढळलं की बहुतेक तान्ह्या मुलांना अफू दिली जाते. बाळगोळी म्हणायचे तिला. आई पाळी संपून येईपर्यंत बाळ झोपून राहावं म्हणून. हे वाचलं तेव्हा आमच्यातल्या एकीने रागाने पुस्तक मिटलं. "आया कशा गं असल्या?" ती म्हणाली. तेव्हा शेजारी बसलेल्या मावशी म्हणाल्या, "आया तशाच असतात. तिथं मावशी नव्हती, एवढंच."

१९२८ साली मुंबईच्या कायदे कौन्सिलात बाळंतपणाच्या रजेचं आणि भत्त्याचं विधेयक आलं. गिरणीमालकांचा विरोध होता, खर्च आमच्यावर का म्हणून. डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेव्हा कौन्सिलाचे सभासद होते. विधेयकाच्या बाजूने ते बोलले. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून त्याचा बराचसा भार खरं तर सरकारने उचलायला हवा. पण मालक बाईच्या श्रमातून फायदा घेतो, तेव्हा त्यालाही हात झटकता येणार नाहीत. १९२९ साली कायदा झाला, देशातला अशा प्रकारचा पहिला. तो पाळणाघराचा नव्हता. पण 'खर्च कोणाचा' हा प्रश्न तिथे पहिल्यांदा नीट विचारला गेला. आमच्या मते त्याचं उत्तरही तिथेच दिलं गेलं होतं. ते अमलात आणायला मात्र कुणाला घाई नव्हती.

पाळणाघर कायद्यात आलं १९३४ साली, तेही 'प्रांतिक सरकारला वाटलं तर' अशा बेताने. पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात मुलांसाठी खोली ठेवायला लावणारे नियम सरकारने करावेत, एवढंच. स्वातंत्र्यानंतर १९४८ चा कारखाने कायदा आला, त्यातलं कलम ४८ आपल्या कामाचं. सहा वर्षांखालच्या मुलांसाठी खोली, ती हवेशीर, उजेडाची, स्वच्छ हवी. मुलं सांभाळायला शिकलेली बाई तिथे हवी. राज्य सरकारने नियम करून मुलांना फुकट दूध द्यायला लावता येईल, आईला अंगावर पाजायला कामातून वेळ द्यायला लावता येईल. वाचून भरून येतं, इतकं चांगलं लिहिलंय. पण अट तीच. पन्नासहून जास्त बायका. म्हणजे एक्कावन्नावी बाई कामाला लागली की पाळणा हलणार. तोपर्यंत पन्नास जणींच्या लेकरांनी कुठे जायचं, त्याबद्दल कलम गप्प आहे.

आता आपल्या पट्ट्यात येऊ. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कंपनी स्थापन झाली, पेनिसिलीन करायला. १९६२ साली एमआयडीसी स्थापन झाली. टेल्को आली, वाहनांचे सुटे भाग करणारे शेकडो लहान-मोठे कारखाने आले. पुरुषांचंच राज्य होतं. टेल्कोच्या जाहिरातीत 'स्त्रियांनी अर्ज करू नयेत' असं छापलेलं बघून सुधा मूर्तींनी जे. आर. डी. टाटांना पोस्टकार्ड लिहिलं आणि १९७४ साली त्या टेल्कोत लागल्या, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दोनच वर्षांनी, १९७६ साली, कायद्यातला पन्नासचा आकडा तीसवर आला, ही गोष्ट मात्र कुणालाच माहीत नसते. त्याच दुरुस्तीत हेही स्पष्ट झालं की ठेकेदारामार्फत आलेली कामगारही कारखान्याची कामगार म्हणून मोजायची.

म्हणजे आता एकतिसावी बाई.

ही एकतिसावी बाई फार दुर्मिळ, मैत्रिणींनो. भोसरीच्या एका निवृत्त काकू आम्हाला भेटल्या. तीस वर्षं एका कारखान्यात पॅकिंगला होत्या, कारखान्याचं नाव घेत नाही. त्या म्हणाल्या, "आमच्यात बायकांची भरती अठ्ठावीस-एकोणतीसला आली की थांबायची. कुणी रिटायर झाली की दुसरी घ्यायचे. साहेब हसत हसत सांगायचे, अजून दोघी घेतल्या तर खोली बांधायला लागेल." काकूंची दोन्ही मुलं त्यांच्या सासूबाईंनी वाढवली. पाळणाघर द्यायला लागू नये म्हणून बाईच घ्यायची नाही! कायद्याने मुलासाठी खोली मागितली आणि मालकाने आईची नोकरीच कापली. खर्च फक्त बायका मोजून लावला की असं होणारच. मूल काय एकट्या बाईचं असतं?

याच काळात महाराष्ट्रात दुसरीकडे वेगळं काही चाललं होतं, आणि आम्हाला सगळ्यात जास्त शिकायला तिथे मिळालं. १९७२ चा दुष्काळ. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी योजना उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. आज चाकणला लातूर, बीड, परभणीकडून आलेल्या कितीतरी पोरी आहेत. त्यांच्या आज्या त्या दुष्काळात पाझर तलावावर माती वाहत होत्या, खडी फोडत होत्या. एका पोरीने सांगितलं, तिच्या आईचा पाळणा म्हणजे बाभळीला बांधलेली लुगड्याची झोळी. कामावर सावली, पाणी आणि मुलांकडे बघायला कुणीतरी असावं, ही सोय त्या योजनेत धरलेली होती. प्रत्यक्षात कुठे मिळायची, कुठे नाही. पण २००५ साली महाराष्ट्राच्या या अनुभवावरून देशासाठी रोजगार हमीचा कायदा झाला, तेव्हा त्यात काय लिहिलं गेलं ते ऐका. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं आलेली असतील, तर कामावरच्याच एका बाईला मुलं सांभाळायला नेमायचं आणि तिला मजुरी द्यायची.

किती साधं आहे बघा. बायका मोजल्या नाहीत, मुलं मोजली. पन्नास नाही, तीस नाही, पाच. आणि खोलीची मापं सांगत न बसता सांभाळणाऱ्या बाईची मजुरी आधी सांगितली. मातीची पाटी उचलणं आणि मूल उचलणं एकाच मस्टरवर. त्या कायद्याची अंमलबजावणी किती ठिकाणी झाली, हा वादाचा विषय आहे, आम्ही काही त्याची आरती करत नाही. पण एवढं सरळ वाक्य आम्हाला कारखान्यांच्या कुठल्याही कायद्यात सापडलं नाही.

घरोघरी जाऊन काम करणाऱ्या बायकांची वाट अजून निराळी. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला. आजारी पडून सुट्टी घेतली म्हणून एकीचं काम गेलं, तिच्यासाठी बाकीच्या थांबल्या, आणि त्यातून संघटना उभी राहिली. पुढे २००८ साली महाराष्ट्रात घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा झाला. २०११ साली जिनेव्हाला घरकामगारांच्या हक्कांचा आंतरराष्ट्रीय करार झाला. भारताने त्याच्या बाजूने मत दिलं, पण मान्यतेची सही अजून केलेली नाही.

आम्हाला वाटलं, मावशींची नोंद या मंडळात करू. कागद घेऊन गेलो. तिथे विचारलं, कुणाच्या घरी काम करतात? आम्ही म्हटलं, कुणाच्या नाही, मुलं यांच्याच घरी येतात. मग ते घरकाम नव्हे, असं उत्तर मिळालं. कारखान्याच्या कामगार नाहीत. अंगणवाडीच्या सेविका नाहीत. अंगणवाडी सेविकांना तरी २०२२ साली सर्वोच्च न्यायालयाने ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं, तोही किती वर्षांच्या लढ्यानंतर. आणि अंगणवाडी चालते काही तास. आमच्या पोरींची पाळी आठ तास, वर बसचा वेळ. असंघटितांसाठी २०१९ साली जी पेन्शन योजना आली, तिला वयाची अट चाळीस. मावशी तेव्हाच पन्नाशीच्या होत्या. शेवटी ई-श्रम कार्ड तेवढं काढता आलं, कारण त्याची हद्द एकोणसाठ. ते कार्ड मावशींनी देवघरात ठेवलंय. त्यांच्या नावापुढे कामाचं नाव लिहिलेला तो पहिला कागद.

त्या रात्री आम्ही एक गोष्ट बोललो, जी बोलायला जड गेली. इतकी वर्षं आम्ही स्वतःला कामगार म्हणत होतो आणि कंपनीला मालक. पण मावशींची मालक कोण? आम्हीच की. किमान वेतन मिळत नाही म्हणून ठेकेदाराशी भांडणाऱ्या पोरी मावशींना किमान वेतनाच्या निम्मेही देत नव्हत्या. मुद्दाम नाही. सात जणींनी झेपेल तेवढं दिलं, तरी बेरीज तिथवर जात नाही. आम्ही वहीवर पाच वेळा मांडून बघितलं. आईच्या पगारातून मावशीचा कायदेशीर पगार निघत नाही. कुपन द्या, रोख द्या, गूगल पेवर द्या. पैसा तिसऱ्याकडून यावा लागतो. शंभर वर्षांपूर्वी कौन्सिलात हेच तर सांगितलं होतं.

तो तिसरा कोण, हे आता कायद्याने थोडं तरी सांगितलंय. २०१७ साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय हवी, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊ द्यायला हवं. यात कर्मचारी म्हणजे बाई आणि पुरुष दोघेही. एकतिसाव्या बाईची वाट बघायला नको! गेल्या वर्षी २१ नोव्हेंबर २०२५ ला चार श्रम संहिता लागू झाल्या, त्यातल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही हे आलं आहे. त्यात एक वाक्य आम्ही लाल पेनाने अधोरेखित केलं. कंपनीने स्वतःच खोली बांधली पाहिजे असं नाही. नगरपालिकेचं, खाजगी किंवा एखाद्या संस्थेचं पाळणाघर वापरता येतं, किंवा चार कंपन्यांनी मिळून एक चालवता येतं.

हे घेऊन आम्ही एका कंपनीच्या एचआरच्या साहेबांकडे गेलो. कंपनीचं नाव सांगत नाही. साहेब भले होते, ऐकून घेतलं, आणि म्हणाले, "द्यायला हरकत नाही, पण बिल कुठाय तुमचं? मी मावशींना रोख कसे देऊ?" पहिल्यांदा आम्हाला राग आला. घरी येता येता वाटलं, बरोबर आहे की. नऊ-दहा महिलांचा गट, बँकेत खातं, दर महिन्याची इतिवृत्ताची वही, सगळं आहे. पण पाळणाघराचा एक कागद नाही.

मग चार महिने तेच केलं. गटाच्या नावाचा पॅन काढला, कारण पॅन नसेल तर कंपनी बिलातून वीस टक्के कापून घेते. बिलबुक छापलं. मुलांची रोजची हजेरी, आत यायची वेळ, न्यायची वेळ, कोण नेलं त्याची सही. मावशींची आणि त्यांच्या जोडीला घेतलेल्या दुसऱ्या ताईंची हजेरी वेगळ्या मस्टरवर. खोली बदलली, कारण जुन्या खोलीला एकच दार होतं. दोघींची पोलिस पडताळणी झाली तेव्हा मावशी दोन दिवस रुसल्या होत्या, बारा वर्षांनी आता माझी चौकशी करता का म्हणून. त्यांना समजवायला आम्हाला सगळ्यात जास्त वेळ लागला, पॅनपेक्षाही.

करार अकरा महिन्यांचा झाला. कंपनी दर मुलामागे ठरलेली रक्कम गटाच्या खात्यावर भरते, पोरी पूर्वी देत होत्या त्याच्या निम्मे देतात, आणि त्यातून दोघींना किमान वेतन गटाच्या खात्यातून त्यांच्या खात्यावर जातं. पहिल्या महिन्यात बँकेत स्लिप भरताना कशासाठी पैसे पाठवताय असं विचारलं, तेव्हा मावशींनी खिडकीतून आत डोकावून सांगितलं, "पगार लिवा."

बारा मुलं येतात आता. पाच मुलं अशी आहेत की ज्यांच्या आया दुसऱ्या कंपन्यांत आहेत आणि तिथून काहीच येत नाही. त्यांचा खर्च सध्या गट उचलतो, तो किती महिने झेपेल ते माहीत नाही. त्या तीन कंपन्यांना मिळून एक पत्र लिहिलंय. दुसऱ्या पाळीच्या पोरी रात्री साडेअकराला सुटतात, त्यांच्या लेकरांचं अजून काही ठरलेलं नाही. ज्यांना हजेरीच्या वहीचा आणि बिलाचा नमुना बघायचा असेल, त्यांनी महिन्याच्या दुसऱ्या रविवारी खराबवाडीच्या बैठकीला यावं. येताना आपल्या गटाचं बँक पासबुक आणि मुलं सांभाळणाऱ्या मावशींनाही बरोबर आणावं.